एका दिवसाचं काम

मोटरसायकलच्या इंजिनाला डोकं असतं, त्याला हेड म्हणतात, आणि त्या हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात. म्हणजे दारंच हो. एक हवा आणि पेट्रोल आत घेतं, दुसरं धूर बाहेर सोडतं. आता दार चौकटीत नीट बसलं नाही तर फटीतून वारा येणारच. व्हॉल्व्हचंही तेच. तो आपल्या सीटवर चपखल बसला नाही की आतला दाब निसटतो, आणि मग सकाळी सकाळी गाडी सुरू करता करता माणूस घामाघूम होतो. तर हे दार चौकटीत घासून घासून बसवायचं, एवढंच रवीमावशीचं काम. एवढंच म्हटलं खरं, पण करून बघा एकदा.

एक लाकडी दांडी असते, तिच्या टोकाला रबराची वाटी. ती वाटी व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटवायची, कडेला खरखरीत पेस्ट लावायची आणि दांडी दोन तळव्यांमध्ये धरून फिरवत राहायची. इकडे तिकडे, इकडे तिकडे, लोणी काढताना रवी फिरवावी तशी. म्हणून ती रवीमावशी. नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही. वर्कशॉपमध्ये सात पुरुष आणि ही एक बाई. तिला ते नाव आवडतं का, हे एकानंही कधी विचारलं नाही. आवडायचं तिला. नावानं हाक मारणारं माणूस आहे म्हणजे आपण आहोत, असा तिचा सरळ हिशेब.

पेस्ट नवी असते तेव्हा आवाज खरखर येतो. मग सरसर. मग तोही विरत जातो आणि हाताखाली काहीतरी मऊ लागायला लागतं. तिथं थांबायचं. ते थांबणं ज्याला कळलं त्याला हे काम आलं. मग हेड उलटं करून त्यात रॉकेल ओतायचं आणि दहा मिनिटं बघत बसायचं. एक थेंब पाझरता कामा नये. तिच्या हातचं हेड पाझरलं असं तेवीस वर्षांत झालं नव्हतं, आणि ही गोष्ट ती स्वतः कधी सांगायची नाही, पण दुसरं कुणी सांगायला लागलं तर मध्ये अडवायचीही नाही.

काम तिला नवऱ्यानं शिकवलं. तो याच वर्कशॉपचा हेडमिस्त्री. पुढे त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यानं तिला शेजारी बसवलं आणि आपले हात तिच्या हातांवर ठेवून दांडी फिरवायला शिकवलं. सहा वर्षांपूर्वी तो गेला. वर्कशॉपचा मालक त्याचा जुना दोस्त. “वहिनी, बाक तुमचा आहे, तुम्ही बसा,” एवढंच तो म्हणाला, आणि ती बसली ती बसली.

वर्कशॉपमध्ये तिचं बरं चालायचं. प्रश्न होता तो संध्याकाळी साडेसहानंतरचा. दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि पुढे हातभर स्वयंपाकघर. खिडकी उघडली की समोर छापखान्याची भिंत. खुर्च्या दोन, त्यातल्या एकीवर वाळलेले कपडे. बाजारात गेलं की सगळं अर्धं घ्यायचं. अर्धा पाव. अर्धा कोबी. भाजीवाला कोबी कापायचा आणि उरलेल्या अर्ध्याकडे असं बघायचा, जसं काही हिनं त्या कोबीचा संसारच मोडला. एकदा त्याच्या नाकावर टिच्चून तिनं अख्खा कोबी घेतला. पाच दिवस कोबी खाल्ला आणि सहाव्या दिवशी पुन्हा अर्ध्यावर आली.

शनिवारी वर्कशॉप लवकर बंद व्हायचं. सगळे हात धुऊन पळायचे. ही मात्र ट्रे धुवत बसायची, धुतलेले ट्रे परत धुवायची, पेस्टच्या डब्यांची झाकणं पुसायची. मालक किल्ल्या वाजवत दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, “वहिनी, ते झाकण आता लाजायला लागलं.” मग नाइलाजानं उठायची.

एक लेक होती. होती म्हणजे आहे, धडधाकट आहे, पण पाच तासांच्या वाटेवर, दुसऱ्या शहरात. लहान लहान दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे, मोटरसायकलच्या मागे थंड डब्यात ठेवायचे आणि मोठ्या लॅबमध्ये वेळेत पोचवायचे, अशी तिची नोकरी. आईशी भांडण नाही, अबोला नाही, काही म्हणजे काही नाही. फक्त येणं होत नव्हतं. दर रविवारी दुपारी फोन यायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गुडघा कसा आहे. चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला लेकीचा आवाज उठून चपला घालायला लागायचा. मावशीला ते कळायचं. मग तीच म्हणायची, “चल, माझी कामं पडलीयेत.” कामं कसली पडलीयेत, डोंबल!

असं पावणेदोन वर्षं चाललं. आणि मग एका रविवारी लेक सहज म्हणाली, “आई, गाडी सकाळी सुरू व्हायला फार त्रास देते हल्ली. सर्व्हिसवाले म्हणतात हेड उघडावं लागेल, आणि त्यांच्याकडे पंधरा दिवसांची रांग आहे.”

मावशी ताडकन उठून उभी राहिली. गुडघा दुखतो हेसुद्धा विसरली. “माझ्याकडे आण,” ती म्हणाली. “एका दिवसाचं काम आहे.”

शुक्रवारी दुपारी लेक आली. दोन दिवसांची रजा टाकली होती, शनिवारी संध्याकाळी परत निघायचं होतं. मालकानं इंजिन उघडलं, हेड बाकावर ठेवलं, आणि मावशीनं नाकावर चष्मा चढवला. असलं इंजिन तिनं आधी पाहिलं नव्हतं. चार व्हॉल्व्ह. दोघांची तोंडं काजळीनं काळी ठिक्कर, आणि उरलेले दोन जवळजवळ कोरे, करड्या रंगाचे.

“हे काय गं? दोघांनीच काम केलंय, दोघं नुसते बसून?”

लेक हसली. शेजारच्या स्टुलावर बसून ती टॉर्च धरत होती. “तसंच आहे ते, आई. गाडी हळू असली की दोनच व्हॉल्व्ह चालतात. बाकीचे दोन बंद.”

“बंद म्हणजे बिघडलेले?”

“बिघडलेले नाही गं, झोपलेले. शहरात हळूहळू फिरायला दोन पुरतात. मोठ्या रस्त्यावर जास्त रेस दिली की तेलाच्या दाबानं एक बारकी पिन आत सरकते आणि हे दोघंही कामाला लागतात. आवाजच बदलतो तेव्हा गाडीचा. असली झेप घेते म्हणून सांगू!”

“आणि तोवर काय करतात हे?”

“काय करणार? बसून राहतात.”

“बसून राहणं सोपं वाटतं होय तुला,” मावशी म्हणाली. लेकीनं ते हसण्यावारी नेलं.

शुक्रवारच्या दुपारी आणि शनिवारच्या सकाळी मावशीनं काळ्या झालेल्या दोघांची काजळी काढली, हलक्या हातानं पेस्ट फिरवली. झोपलेल्या दोघांना तिनं हातही लावला नाही, लावायची गरजच नव्हती. शनिवारी साडेअकराला तिनं रॉकेल ओतलं आणि दोघी मायलेकी शेजारी शेजारी बसून बघत राहिल्या. पाच मिनिटं झाली. दहा मिनिटं झाली. हेड कोरडं ठणठणीत. लेक दोन्ही हात वर करून आळोखेपिळोखे देत म्हणाली, “चला! म्हणजे चारपर्यंत जोडून होईल. उजेडात निघते.”

आता इथं खरं सांगायला हवं, झाकून काय उपयोग. गेल्या चोवीस तासांत त्या खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलले गेले होते. अख्खा पाव आणला होता आणि तो संपला होता. सकाळी न्हाणीघरातून कुणीतरी बेसूर गुणगुणत होतं. लेकीनं चहाच्या कपावरून आईला दोनदा झापलं होतं की कान तुटलेला कप टाकत का नाहीस. मावशीनं हेडकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, “नाही गं. पाझरतंय.”

“कुठं? मला तर दिसत नाही.”

“तुला नाही दिसायचं. डोळा हवा त्याला. हे दोन कोरे आहेत ना, हे नीट बसलेले नाहीत.” आणि तिनं झोपलेल्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं.

लेकीनं एका शब्दानं शंका घेतली नाही. आईचा हात! तिनं ऑफिसला फोन करून एक दिवस वाढवून घेतला.

मग सोंग तरी करायला हवं. मावशीनं त्या कोऱ्या दोघांना पेस्ट लावली आणि दांडी फिरवायला घेतली. हळूहळू, गप्पा मारत. लेक लहानपणच्या गोष्टी काढत होती, बाबांच्या नकला करत होती, मध्येच मटार सोलत होती. मावशीचा तळवा फिरत होता. सोंग माणसापुढे चालतं. व्हॉल्व्हला काय कळतंय, पेस्ट लावली की तो झिजतो. रविवारी वर्कशॉप बंद, पण हिच्याकडे किल्ली होतीच. रविवारी दिवसभर तेच. संध्याकाळी लेक ऑफिसच्या माणसाशी दबक्या आवाजात बोलताना मावशीनं ऐकलं, “सर, आणखी एक दिवस. हो सर. पुन्हा नाही होणार सर.” ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. सोमवारी मालक आला, हेड हातात घेऊन त्यानं उजेडाकडे धरलं आणि म्हणाला, “अहो वहिनी, हे तर झालंय की केव्हाच!” मावशीनं त्याच्याकडे असे डोळे वटारले की तो बिचारा मुकाट्यानं दुसऱ्या बाकाकडे गेला. त्यानं जोडणी केली ती सोमवारी संध्याकाळी. त्याची सवयच अशी की टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे खुंटे, केसभर ढिले ठेवायचे. मग इंजिन एका बाजूनं बारीक टिकटिक करतं, पण व्हॉल्व्ह जळत नाहीत. मंगळवारी सकाळी लेक निघाली. आईच्या गळ्यात पडून म्हणाली, “पुढच्या खेपेलाही तुझ्याकडेच आणणार. मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.”

या एका वाक्यावर मावशीनं सात महिने काढले. पुढची खेप कधी येईल याचा अंदाज ती किलोमीटरवरून बांधायची. दर रविवारी जेवलीस का, गोळी घेतलीस का झालं की हळूच विचारायची, “किती झाले गं किलोमीटर?”

मग एका गुरुवारी मालक एका दिवसाच्या वर्गाला जाऊन आला. सुटे भाग बनवणाऱ्यांनी मेकॅनिकांना नव्या इंजिनांची माहिती द्यायला ठेवला होता. शुक्रवारी चहाच्या वेळेला त्यानं वही उघडली आणि सगळ्यांना वाचून दाखवायला लागला. झोपणारे व्हॉल्व्ह, पिन, तेलाचा दाब. मावशी मान डोलवत होती, हे आपल्याला माहीत आहे अशा थाटात. आणि मग तो म्हणाला, “आणि हे नीट ऐका हं, वहिनी, हे खास तुमच्यासाठी. या व्हॉल्व्हच्या तोंडावर कडक मुलामा असतो, केसाहूनही पातळ. याला पेस्ट लावायची नाही. घासायचं नाही. मुलामा गेला की तोंड झिजत झिजत आत बसतं, आणि मग रेस दिली की व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. खराब वाटला तर सरळ बदलायचा.”

त्यानं मान वर केली आणि मावशीचा चेहरा बघून वही मिटली. दोघांनाही एकाच वेळी आठवलं होतं. “सात महिने झाले,” तो चाचरत म्हणाला. “काही झालं असतं तर पोरगी बोलली असती, वहिनी.”

मावशीनं चहाचा कप न पिताच खाली ठेवला. काळ्या दोघांना हलका हात लागला होता, ते एक वेळ निभावलं असतं. पण ते कोरे दोघं! शनिवार दुपार, रविवार, सोमवार. त्यांच्या तोंडावर मुलाम्याचा मागमूस तरी उरला असेल का? हल्ली लेकीला लांबचा रस्ता दिला होता, हेही तिनंच फोनवर सांगितलं होतं. म्हणजे ते दोघं आता रोज जागे होत असणार. मागे ट्रक, पुढे ट्रक, आणि मध्ये आपली पोर त्या गाडीवर.

सांगायला तर हवंच होतं. पण सांगितलं की संपलं. पुन्हा ती गाडी आणेल कशाला? आणि गाडी नाही तर ती तरी येईल कशाला? या विचाराची मावशीला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तो विचार काही गेला नाही. शनिवारी तिनं चार वेळा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. मूग गिळून बसण्यात तिनं पुरा एक दिवस घालवला. याला काय म्हणावं? बाई वाईट नव्हती. घाबरली होती.

रविवारी दुपारी लेकीचा फोन यायच्या आत हिनंच लावला.

“आई? तू कसा काय केलास? बरी आहेस ना?”

“बरी आहे. गाडी कशी आहे?”

“गाडी?” अगदी जरासा उशीरच झाला उत्तराला. “मस्त आहे गं. पळतेय.”

“जवळ आहे का? सुरू कर. फोन इंजिनाजवळ धर.”

“अगं, आत्ता?”

“आत्ता.”

जिना उतरल्याचा आवाज आला, कुलूप उघडल्याचा आला, आणि मग इंजिन सुरू झालं. मावशीनं डोळे मिटले आणि दुसऱ्या कानात बोट घातलं. “आता रेस वाढव. आणखी. आणखी.” आवाज चढत गेला आणि एका ठिकाणी एकदम भरला, झोपलेले दोघं उठून कामाला लागले. साफ. एकदम साफ. मालकानं ठेवलेली ती बारीक टिकटिक कुठंच नव्हती. हे इंजिन दुसऱ्याच कुणाच्या हाताखालून गेलं होतं.

“बंद कर,” मावशी म्हणाली. “कधी बदललेस व्हॉल्व्ह?”

“दीड महिना झाला,” लेक म्हणाली.

“कुठले दोन गेले होते?”

“जे झोपलेले असतात ना, ते.”

“सांगितलं का नाहीस मला?”

“अगं त्यात काय सांगायचं? जुनं झालं की जायचंच. तुला उगाच वाईट वाटलं असतं. सोड ना आई. ही इंजिनंच नवी आहेत, तुला कुठून माहीत असणार? तू मुद्दाम थोडंच केलंस.”

केवढा मऊ आवाज होता तो. मावशीला तो आवाज चांगलाच ओळखीचा होता. गाडी मोडीत निघाली आहे आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला ते तोंडावर सांगवत नाही, तेव्हा वर्कशॉपमध्ये सगळे हाच आवाज काढतात. खुद्द तिनंही काढला होता कितीदा. दीड महिना लेक तिच्याशी या आवाजात बोलत होती आणि तिला पत्ता नव्हता. आता गप्प बसलं की झालं. हो गं बाई, कुठून माहीत असणार, म्हटलं की सुटका. पुढच्या रविवारी पुन्हा जेवलीस का, गोळी घेतलीस का. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. मरेपर्यंत हा मऊ आवाज.

“मुद्दाम केलं,” मावशी म्हणाली.

“काय?”

“मुलाम्याचं मला माहीत नव्हतं, ते खरं. पण त्या दोघांना हात लावायची गरजच नव्हती. शनिवारी साडेअकराला काम झालं होतं. हेड पाझरत नव्हतं. मी खोटं बोलले. तू जाऊ नयेस म्हणून तीन दिवस नुसती घासत बसले.”

मावशीनं फोन कानापासून लांब धरून बघितला, चालू होता.

“आई,” लेक म्हणाली, आणि त्या आवाजात मऊपणा औषधालाही नव्हता. “कुठं बंद पडले होते माहितीये मी? चढावर. मागे ट्रक होता. त्यानं हॉर्न मारला आणि मी गाडीसकट कडेच्या खडीत गेले. कोपर सोलून निघालं. डब्यात अकरा जणांचं रक्त होतं, आई! अकरा! दोन तास मी उन्हात उभी होते, बर्फ वितळून गेला. सगळं फेकून द्यावं लागलं. त्यात एक बारा दिवसांचं बाळ होतं. त्याला पुन्हा टोचलं. त्याच्या आईनं माझ्याकडे कसं बघितलं ते मी तुला सांगूसुद्धा शकत नाही.”

“बाळा...”

“बाळा नको म्हणूस! आणि तो सर्व्हिसवाला विचारत होता, कुणी घासलेत हे, कुठल्या अडाण्यानं? भांडले मी त्याच्याशी! चार माणसांत भांडले. म्हटलं, माझ्या आईच्या हातचं काम आहे, तेवीस वर्षं झाली, तिची चूक होऊच शकत नाही, तुमचे व्हॉल्व्हच खराब! चार माणसांत, आई! आणि तू तिकडे... तुला नुसतं सांगता येत नव्हतं का, की थांब म्हणून? तोंड नव्हतं तुला?”

मावशीला रडू फुटलं होतं, पण ते तिनं आवाजात येऊ दिलं नाही. “सांगितलं असतं तर थांबली असतीस?”

लेक म्हणाली, “नसते थांबले.” आणि फोन ठेवला.

मावशी खिडकीशी उभी राहिली. समोर छापखान्याची भिंत, तीच, तशीच. संपलं, तिला वाटलं. आता रविवारही गेला. केलं ते बरंच केलं, पण हे हलकं वाटायचं म्हणतात ते कुठं वाटत होतं? उलट खोली होती त्याहून मोठी झाली होती. सोलून निघालेलं कोपर तिच्या डोळ्यांपुढून हलेना. दीड महिना झाला, म्हणजे खपली पडूनही गेली असणार. मलम कुणी लावलं असेल? डाव्या हाताला की उजव्या, तेही विचारायचं राहिलं. तिनं उगाचच नळ उघडला आणि बंद केला.

दहा मिनिटं झाली असतील नसतील. फोन वाजला. तिनं धावत जाऊन उचलला, खुर्चीला गुडघा आपटला.

“हॅलो? बाळा, हे बघ, मी...”

“मध्ये बोलू नकोस,” लेक म्हणाली. रडून घसा बसला होता, पण राग पुरता शाबूत होता. “माझं बोलून झालेलं नाही अजून. त्या दिवसांत ऑफिसमध्ये माझे किती हाल झाले तेही ऐकायचंय तुला. आणि तो कान तुटलेला कप अजून टाकला नसशीलच तू. नाही ना टाकलास? मला माहितीये. सगळं ऐकायचं. फोन ठेवायचा नाही.”

घड्याळात चार मिनिटं कधीच होऊन गेली होती. मावशीनं खुर्ची ओढली, तिच्यावरचे कपडे खाली जमिनीवर टाकले आणि गुडघा चोळत बसली.

“नाही ठेवत,” ती म्हणाली. “बोल.”